भोक सायलेन्सरला, घोर शेजाऱ्याला



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, ठिबक, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. या अंकात विषय थोडा निराळा आहे. काहींना वाटेल, उसाचे सोडून हा माणूस मशिनच्या सायलेन्सरवर का घसरला? शेवटपर्यंत वाचा म्हणजे उसाशी त्याचा संबंध कुठे येतो ते कळेल. संबंध आहे, आणि तो आम्ही स्वतःच्या बांधावर पाहिलेला आहे.

गेल्या काही हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रात पेट्रोलवर चालणारी झाडे कापायची मशिने, म्हणजे चेनसॉ, पुष्कळ वाढली. त्यात वाईट काही नाही. बांधावरच्या निलगिरीची, सुबाभळीची, बाभळीची सावली उसाच्या चार-चार सऱ्या मारते. सावलीत फुटवा होत नाही, कांडी बारीक राहते, हे आम्हीच तुम्हाला सांगत आलो. कुऱ्हाडीने फांद्या तोडायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर दोन माणसांचा दिवस जातो. तेच काम मशीन तासात उरकते. भावकीत चार जणांनी मिळून एक मशीन घेतले तर कुणाला जड जात नाही. इथवर आमचे म्हणणे काही नाही, उलट शाबासकीच आहे.

तक्रार पुढे आहे. मशीन जुने व्हायला लागले की पोरे डोके चालवतात. सायलेन्सरचा डबा काढायचा, ड्रिलने त्याला दोन-तीन भोके पाडायची, आतली जाळी उचकटून फेकून द्यायची आणि पुन्हा बसवायचा. मग ते जे बोंबलते, ते ऐकून म्हणायचे, "आता कसं, ताकद आली!" गटात फिरताना असली तीन मशिने आम्ही स्वतः पाहिली. एका पोराने तर कौतुकाने चालू करून दाखवले. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली, आणि पोरगा हसत होता.

आमचे मत आधी सांगतो, कारणे मागून देतो. घरच्या घरी सायलेन्सरला भोक पाडणे हा तोट्याचा उद्योग आहे. त्यात मशीन जाते, कान जातो आणि एखादे दिवशी शेजाऱ्याचा उभा ऊस जातो.

आचोळ्याची हकिकत

आमची थोरली बहीण वसईकडे आचोळ्याला दिलेली आहे. आचोळे म्हणजे नालासोपाऱ्याच्या पूर्वेचे गाव, आता वसई-विरार महापालिकेत आलेले. तळे आहे, थोडी झाडी आहे, आणि भाताची खाचरे होती तिथे आता बिल्डिंगा उभ्या आहेत. उसाशी या भागाचे नाते जुने आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात वसईच्या बागायतीची आणि तिथल्या उसाची नोंद आहे. रहाटाचे पाणी, केळी आणि ऊस असा तो मुलूख होता. आता तिथे ऊस दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत गेले. वसई-विरार पट्ट्यात झाडे आडवी झाली, तारा तुटल्या, वीज गेली. आमच्या भाच्याला त्या वेळी काम नव्हते. त्याने कुणाकडून तरी जुना चेनसॉ घेतला आणि पडलेली झाडे कापून द्यायला लागला. कष्टाळू पोर. आम्हाला त्याचे कौतुकच वाटले.

दिवाळीत भाऊबीजेला गेलो तर अंगणात मशीन फाडाफाड ओरडत होते. आम्ही कानावर हात ठेवले. भाचा म्हणाला, "मामा, मी सायलेन्सर मोकळा केला. तीन भोकं मारली. आता ओंडका लोण्यासारखा कापतो." आमच्या दाजींना विचारले, तर ते म्हणाले, "काय?" तीनदा विचारल्यावर उत्तर आले. सहा महिने ते पोराच्या मदतीला शेजारी उभे राहत होते, कानात बोळासुद्धा न घालता. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाळंतीण बाई दोनदा येऊन हात जोडून गेली होती. बहीण हे सांगताना खाली बघत होती.

आमचा मूळ धंदा प्रात्यक्षिकाचा. वाद घालण्यापेक्षा प्लॉट टाकून दाखवावा, ही आमची सवय. म्हणून आम्ही भाच्याला म्हटले, चेन काढ. बघतो तर दात बोथट झालेले, मातीत घासून चकाकत होते. गोल कानस आणवली. ओट्यावर बसून एकेक दात सारख्या घासांनी धारेवर आणला. एअर फिल्टर भुश्याने लिंपला होता, तो धुऊन वाळवला. मग त्याच ओंडक्यावर मशीन लावले. बोथट चेनने भुकटी उडत होती. आता जाड, लांब साली पडायला लागल्या, आणि वरून जोर न देता पाते आपोआप खाली उतरले. भाचा गप्प झाला. आम्ही म्हटले, "बाळा, ताकद कानशीत होती, तू ती डब्यात शोधत होतास."

तो समजला असे आम्हाला वाटले. पण पोरांना आवाजाची गोडी लागली की ती सुटत नाही. भोके तशीच राहिली. नाताळच्या सुमारास इंजिन सीझ झाले. मिस्त्रीने उघडून दाखवले. पिस्टनवर धुराच्या बाजूने नांगराच्या तासासारखे चरे पडले होते. नवा पिस्टन, नव्या रिंगा, वर मजुरी. वादळानंतरची निम्मी कमाई त्यात गेली.

डब्यात असते तरी काय?

हे असे का होते, ते साध्या भाषेत सांगतो. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला असतात तसले व्हॉल्व्ह त्याला नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन खाली आला की एका खिडकीतून जळका धूर बाहेर पडतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडक्यांतून ताजे पेट्रोल आणि हवा आत येते. एकाच दारातून एक पाहुणा निघतो आहे आणि दुसरा शिरतो आहे, असा प्रकार. या धांदलीत थोडे ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटते. म्हणून कंपनी इंजिन, सायलेन्सरचा डबा आणि कार्बुरेटर या तिन्हींचा मेळ घालून मशीन बनवते. धूर किती वेगाने बाहेर जाणार, त्यावर हवा किती आत येणार हे ठरते. आणि हवा किती येणार, त्यावर पेट्रोल किती सोडायचे हे ठरते.

आता तुम्ही डब्याला भोक पाडले. धूर मोकळा झाला, हवा जास्त यायला लागली, पण पेट्रोल होते तेवढेच राहिले. मिश्रण पातळ झाले. पातळ मिश्रण फार तापते. शिवाय टू-स्ट्रोकला वेगळे ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे वंगण. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडले. इकडे उष्णता वाढली, तिकडे वंगण घटले. दहा-बारा हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या इंजिनाचे मग काय होणार? माणसाला उन्हात पळवायचे आणि पाणी तोडायचे, तसलाच प्रकार.

खोटे बोलणे आमच्या स्वभावात नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डबा मोकळा करून आणि त्याबरोबर कार्बुरेटरचा स्क्रू नीट जुळवून थोडी ताकद वाढवता येते. परदेशात लाकूडतोडीचा धंदा करणारे जाणते लोक ते करतात. त्यांच्याकडे फेऱ्या मोजायचे यंत्र असते, पुष्कळ वर्षांचा हात असतो, आणि मशीन बिघडले तर दुसरे असते. आपल्याकडे काय असते? गॅरेजातला बर्मा आणि मित्राचा सल्ला. पुष्कळशा नव्या मशिनांत कार्बुरेटरचा स्क्रू ठरावीक मर्यादेपलीकडे फिरतच नाही. म्हणजे भोक पाडणे आपल्या हातात आहे, पण त्याचा तोल सावरणे हातात नाही.

आणखी एक. डबा जागेवरच ठेवून ड्रिल मारले तर लोखंडाचा कीस आत पडतो. तो धुराच्या खिडकीतून सिलिंडरमध्ये गेला की एकाच दिवसात बोअर खरवडून निघतो. भोक चुकीच्या बाजूला पडले तर तापलेला धूर प्लॅस्टिकच्या अंगावर किंवा चालवणाऱ्याच्या हातावर येतो. मशीन नवे असेल तर गॅरंटी त्याच क्षणी संपते, आणि कंपनीचा माणूस डबा बघूनच हात वर करतो. त्याला दोष देता येत नाही.

जाळीची किंमत

डब्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. तिची छिद्रे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. ती कार्बनने चोंदते, मशीन गुदमरते, आणि मग पोरे म्हणतात, "ही काय कामाची?" आणि काढून फेकतात. ही जाळी ठिणगी अडवण्यासाठी असते. इंजिनात जळलेल्या कार्बनचे कण लालबुंद होऊन बाहेर उडतात. ते जाळीत अडकून विझतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात गवताच्या आणि जंगलाच्या जमिनीवर ठिणगी अडवण्याची सोय नसलेले असले इंजिन चालवायला कायद्याने मनाई आहे. तिथे वणव्यांनी गावेच्या गावे जळाली आहेत, म्हणून त्यांना त्या जाळीची किंमत कळते.

आता उसाकडे येतो. गेली कित्येक वर्षे आम्ही तुमच्या मागे लागलो आहोत की पाचट जाळू नका. एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघते. ते कुजवले तर ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि ३ ते ४ टन सेंद्रिय कर्ब जमिनीला मिळतो. ओल टिकते, तण दबते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले, आणि खोडव्यात सरीआड सरी पाचट दाबले. याचा आम्हाला अभिमान आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत आपले शिवार वाळक्या पाचटाने भरलेले असते. पूर्वी पाचट जळून गेलेले असे, तेव्हा ठिणगी पडली तरी पेटायला काही नसे. आता आहे. पाचट ठेवा म्हणून सांगणारे आम्ही. तेव्हा ठिणगीपासून सावध राहा, हेही सांगण्याची जबाबदारी आमचीच. ती आम्ही वेळेवर पार पाडली नाही, आणि त्याची शिक्षा आम्हालाच मिळाली.

आमच्याच बांधावर

२०२१-२२ चा हंगाम कुणी विसरलेला नाही. राज्यात उसाचे विक्रमी पीक होते, कारखाने जूनपर्यंत चालले. मार्चमध्ये कितीतरी सभासदांचा ऊस तोडीची वाट बघत वाळत उभा होता. टोळीसाठी लोक आमच्या दारात बसून राहत. आमच्या मळ्याला लागून एका वयस्क सभासदांचा असाच ऊस उभा होता. आमच्या बाजूला खोडवा, सऱ्यांत पाचट.

शिमग्याच्या सुट्टीत भाचा गावी आला. दुरुस्त केलेले मशीन बरोबर होते. बांधावरची बाभूळ आडवी करून देतो म्हणाला. आम्ही गट कार्यालयात होतो. त्याने डबा तोच ठेवला आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही विचारलेच नाही.

दुपारी बाराची वेळ, वारा पश्चिमेचा. बाभूळ पडली. पाणी प्यायला म्हणून त्याने मशीन पाचटावर टेकवले आणि घागरीकडे गेला. मागे वळून बघतो तो धूर. ठिणगी उडाली की तापलेला डबा पाचटाला टेकला, हे कोण सांगणार? पंचनाम्यात एवढे बारीक येत नाही. पायाने विझवायला गेला, तोवर जाळ दोन सऱ्या पुढे गेला होता. विहिरीच्या मोटरीला लाइट नव्हती. माणसे धावली. कुणी फवारणीचे पंप पाठीवर घेऊन आले, कुणी ओली पोती, कुणी लिंबाच्या डहाळ्या. तरी जाळाने बांध ओलांडला. शेजाऱ्याच्या उभ्या उसाच्या कडेच्या सऱ्या फडफडत पेटल्या. ज्याने उसाची आग ऐकली आहे त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. माणसांनी मधल्या दोन सऱ्या कोयत्याने तोडून आडवी वाट काढली म्हणून बाकीचा प्लॉट वाचला.

आम्ही पोचलो तेव्हा ते वयस्क सभासद बांधावर बसले होते. हात-तोंड काळे झालेले. आम्हाला वाटले, शिव्या देतील. ते एवढेच म्हणाले, "सायेब, पाचट जाळू नका म्हनून तुम्हीच सांगत हुता न्हवं?"

सभासद बंधूंनो, आम्ही शेतकी पदविका घेतली त्याला वीस वर्षांवर झाली. चर्चासत्रे ऐकली, भाषणे दिली. पण त्या वाक्यासारखे वाक्य आम्हाला कुणी ऐकवले नव्हते. जळीत ऊस थांबवून ठेवता येत नाही. वजन घटते, साखर उतरते. दुसऱ्या दिवशी टोळी लावून तो तोडला. जळीत म्हणून कपात बसली. ती आम्ही आमच्या खिशातून भरून दिली, आणि त्यांनी ती दोनदा नको म्हटल्यावर घेतली. पण पैसे भरल्याने सगळे भरून येत नाही. त्यांची टोळी पुढे घेतली म्हणून दुसऱ्या कुणाची तरी मागे गेली. त्या सभासदाला आम्ही काय भरून दिले?

कान हा सुटा भाग नव्हे

चेनसॉ मूळ सायलेन्सरसह चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर आवाज करतो. डेसिबलचा हिशेब आपल्या किलो-क्विंटलसारखा नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट झाली. १० वाढले म्हणजे दहापट. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे, की ८५ डेसिबलला माणसाने ८ तास काम करावे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. असे करत १०० डेसिबलला दिवसाकाठी फक्त १५ मिनिटे. आता सायलेन्सरला भोके पाडून दिवसभर बांध साफ करणाऱ्या पोराचा हिशेब तुम्हीच मांडा.

मशीन बिघडले तर पिस्टन मिळतो. आतल्या कानाच्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी बारीक आवाज जातो. पाखराची चिवचिव ऐकू येत नाही, नातवंडाचे बोबडे बोल कळत नाहीत. माणसाला वाटते, लोकच हळू बोलतात. आमचे दाजी आता घरात टीव्ही मोठ्याने लावतात आणि बहीण स्वयंपाकघराचे दार लावून घेते.

शेजाऱ्यालाही हक्क असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा दिली आहे. मोटारसायकलच्या सायलेन्सरची मोडतोड केली तर मोटार वाहन कायद्याखाली दंड होतो. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याचे तुम्ही वाचले असेल. चेनसॉला नंबरप्लेट नसते, म्हणून त्याला तो कायदा लागत नाही. पण बाळंतिणीला होणारा त्रास नंबरप्लेट बघून होत नाही.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

आम्हाला वाटते, मूळ दुखणे मशिनात नाही, समजुतीत आहे. ज्याचा आवाज मोठा त्याचे काम मोठे, असे आपण धरून चाललो आहोत. बुलेटचा सायलेन्सर बदलला, ट्रॅक्टरवर ढणढणाट लावून उसाच्या ट्रॉल्या गावातून नेल्या, आता झाडे कापायचे मशीन राहिले होते, तेही आले.

आमच्या लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीच्या धुराड्याला गिरणीवाला मुद्दाम पुकपुक वाजेल असे काही लावत असे. तो आवाज ऐकला की आयाबाया डोक्यावर पाट्या घेऊन निघत. तो आवाज लोकांना बोलवायला होता. आताचा आवाज लोकांना पळवायला आहे. आपल्या कारखान्याकडेच बघा. हजारो टन ऊस रोज चिरडणाऱ्या गिरण्या चालू असतात. पण त्यांचा आवाज वाढला तर चीफ इंजिनिअर आनंदाने नाचत नाहीत, कुठली बेअरिंग गेली ते बघायला धावतात. जाणत्या माणसाला वाढलेला आवाज हा बिघाडाचा निरोप वाटतो.

मग करायचे काय?

नुसते "करू नका" म्हणणे सोपे असते. ताकद कमी वाटली तर पुढील गोष्टी क्रमाने बघा.

१. चेनची धार. प्रत्येक वेळी टाकी भरताना गोल कानशीचे दोन-तीन घास प्रत्येक दाताला द्या. भुकटी पडायला लागली की धार गेली. दात मातीत, दगडात घालू नका.

२. एअर फिल्टर. रोज झटका, गरज पडल्यास धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

३. पेट्रोल-ऑइलचे प्रमाण. मशिनच्या पुस्तिकेत दिले असेल तेच मापून घाला. अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने नको. जुने, महिनोन् महिने पडून राहिलेले मिश्रण वापरू नका.

४. सायलेन्सरची जाळी. चोंदली असेल तर काढून तारेच्या ब्रशने साफ करा आणि परत बसवा. फाटली असेल तर नवी घ्या. पुष्कळदा "गेलेली ताकद" इथेच अडकलेली असते. भोक पाडून जी मिळवायला निघालात, ती जाळी साफ करून फुकट मिळते.

५. पाचटाच्या रानात काम करताना आधी बांधालगत चार-पाच फूट पट्टा मोकळा करा. फवारणीचा पंप पाण्याने भरून जवळ ठेवा. काम सकाळी, दवाच्या वेळी उरका. दुपारच्या वाऱ्यात नको. तापलेले मशीन उघड्या मातीवर टेकवा, पाचटावर कधीही नाही. पेट्रोल भरताना मशीन निवू द्या, आणि भरले तिथून दहा फूट बाजूला जाऊन चालू करा.

६. कानाला कर्णरक्षक, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. मदतनीसालाही तेच. आणि झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते का याची चौकशी करा. काही जातींना आणि महापालिकेच्या हद्दीत ती लागते.

आता थोडे आमच्याकडे बोट. कारखान्याने यांत्रिकीकरणाचा प्रचार केला. पण मशीन कसे सांभाळायचे, हे शिकवायला आम्ही कुठे गेलो? बेण्याचे, खताचे मेळावे घेतले, कानशीचा मेळावा घेतला नाही. आमची संचालक मंडळाला जाहीर विनंती आहे, की पुढचे बॉयलर अग्निप्रदीपन होण्यापूर्वी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस यंत्र तपासणी शिबिर ठेवावे. मिस्त्री बोलवावा, चेनची धार लावून दाखवावी, जाळ्या तपासाव्यात, आणि खताच्या गोदामात कर्णरक्षक रास्त दरात उपलब्ध करून द्यावेत. खर्च एका जळालेल्या प्लॉटपेक्षा कमीच येईल. शेतकी खाते राबायला तयार आहे.

ज्यांनी भोके पाडली आहेत त्यांनी लाजू नये. नवा सायलेन्सर बाजारात मिळतो, तो बसवावा. आमच्या भाच्याने बसवला. आचोळ्याला परवा गेलो होतो तर तो समोरच्या बिल्डिंगच्या आवारात वाळकी फांदी कापत होता, कानाला कर्णरक्षक होते. ती बाई मुलाला कडेवर घेऊन गॅलरीत उभी होती आणि मूल टाळ्या वाजवत होते.

आमच्या शेजारच्या त्या सभासदांचा खोडवा पुढे चांगला फुटला. त्यांनी यंदाही पाचट ठेवले आहे. आम्ही त्यांच्या बांधावरून जाताना ते हाक मारतात, पण बोलणे व्हायच्या आधी त्यांची नजर एकदा आमच्या हाताकडे जाते, हातात मशीन तर नाही ना म्हणून. आमची तक्रार नाही. त्या नजरेला आम्ही पात्र आहोत.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते